बंद खोली थंडच राहते

आमच्या घरामागच्या खोलीत, तणसाच्या म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या पिशव्यांच्या मधोमध, एक पांढरी डबी दोरीला टांगलेली आहे. माचिसपेक्षा लहान. तिच्या जाळीतून हवा आत जाते आणि तिच्यातून निघालेल्या तारा शेजारच्या हिरव्या पाटीला जोडल्या आहेत. ही पाटी म्हणजे मायक्रोकंट्रोलर. अगदी अल्पबुद्धीचा संगणक म्हणा ना. त्याला एकच काम सांगायचं आणि ते तो वीज असेपर्यंत करत राहतो. आमच्याला सांगितलं आहे की थोड्या थोड्या वेळानं खोली किती गरम आहे, हवेत ओलावा किती आहे ते बघ आणि तारीख-वेळेसकट मेमरी कार्डावर लिहून ठेव. तो बिचारा लिहितो. मी मात्र त्याचं लिहिलेलं वाचल्यापासून एका जागी धड बसू शकलेलो नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला रेशीमकोशाच्या नोकरीतल्या गमती लिहायला सांगितलं. गमती होत्या. पण लिहायला बसलो की मी उठतो, मागे जाऊन त्या डबीकडे बघून येतो, परत बसतो. देवरीपलीकडच्या एका गावात एक बाई आहे, पार्बताबाई. माझ्या एका वाक्यामुळे तिच्यावर अर्ध्या आयुष्याचा आळ राहिला. तो खोटा होता हे लिहिल्याशिवाय गमतीकडे जाता येत नाही.

नोकरीभर मी टसर रेशमाच्या अंड्यांची राखण केली. आमच्याकडे त्याला कोसा म्हणतात. तुतीच्या रेशमाचा किडा घरात, छपराखाली वाढतो. आमचा कोसा जंगलात, ऐनाच्या झाडावर वाढतो. पाळणारे बहुतेक ढिवर, म्हणजे मूळचे मासेमार. त्यांना लागणारी अंडी आमच्या सडक अर्जुनीजवळच्या लहानशा केंद्रात तयार होत. उन्हाळाभर कोशांच्या माळा खोलीत टांगायच्या. पाऊस लागला की कोश भिजवून पतंग बाहेर येतात, पंज्याएवढे मोठे. त्यांच्या जोड्या जमतात. मादीनं अंडी दिली की तिचं पोट चुरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. रोगाचे कण दिसले तर तिची अंडी जाळायची. उरलेली धुऊन, वाळवून, पिशव्यांत भरून वाटायची. पाहुणे विचारत, "मेश्राम, तुम्ही करता तरी काय?" मी म्हणत असे, "लग्न लावतो, बाळंतपण करतो आणि लगेच आईचं पोस्टमॉर्टेम." लोक हसत. साक्षगंधात म्हणजे साखरपुड्यात, बारशात, सगळीकडे मी हे वाक्य वापरलं आहे.

पिशव्या न्यायला येणाऱ्यांचेही नमुने होते. एक म्हातारा पिशवी कानाला लावून डोळे मिटून उभा राही.

"का करून राहिले, बाबा?"

"आयकून राहिलो. जिते हायेत का नाई."

"अंडं बोलते का?"

"तुमच्यासंगं नाई बोलत," म्हातारा म्हणे, आणि दुसरी पिशवी उचले.

त्याची चेष्टा आम्ही पुष्कळ केली. पण खरी अडचण तीच होती. मेलेलं अंडं आणि जिवंत अंडं बाहेरून सारखंच दिसतं. अंड्याला अठ्ठावीस-तीस अंशांची ऊब लागते आणि हवेत भरपूर ओलावा. खोली तापली, हवा कोरडी झाली, की आतला जीव आतच सुकतो. टरफल जसंच्या तसं. अळी निघायच्या दिवशी निघत नाही, तेव्हाच कळतं. तोवर पिशवी पाळणाऱ्याच्या घरी गेलेली असते.

म्हणून आमच्या भिंतीवर दोन तापमापकांची चौकट होती. एकाच्या फुग्याला ओली वात गुंडाळलेली, दुसरा कोरडा. दोघांतल्या फरकावरून ओलावा काढायचा. खिडक्यांना ओले बारदाने लावायचे, जमिनीवर पाणी मारायचं. छत टिनाचं. सकाळी खोली उघडताना, दुपारी आणि संध्याकाळी असे तीन रकाने रजिस्टरात भरायचे. सकाळ-संध्याकाळचे मी प्रामाणिकपणे भरले. दुपारी जेवून डोळा लागला, तर दुपारचा आकडा सकाळच्या आकड्यावर थोडा चढवून लिहायचो. आमच्या खात्यात असं करणारा मी एकटा होतो असं मला वाटत नाही, पण दुसऱ्याचं मी कशाला सांगू?

पाळणाऱ्यांच्या घरी याहून कडक शिस्त होती. अळ्या झाडावर असेतो पाळणारा नेम पाळतो. झाडाखालच्या झोपडीत जमिनीवर झोपतो, कावळे-मुंग्या राखतो, अंगाला तेल लावत नाही आणि मासळी खात नाही. ढिवरानं मासळी सोडायची म्हणजे काय, ते ढिवरालाच विचारा. घरच्या बाईनं ऐनाखाली यायचं नाही, अंड्याच्या पिशवीला हात लावायचा नाही. पीक गेलं की पहिला प्रश्न हा, की नेम कोणी मोडला? आणि बोट बहुतेक वेळा बाईकडे जाई. आम्ही केंद्रातले लोक या समजुतीला हसायचो. हसता हसता तिच्या आडोशालाही उभे राहायचो, कारण नेम मोडला म्हटलं की केंद्राकडे कोणी बघत नसे.

आता डबी कुठून आली ते सांगतो.

माझी सून प्रणाली धिंगरी अळंबी लावते. तणसाच्या पिशव्यांतून पांढरे कान फुटावेत तशी ती उगवते. तिलाही ऊब मोजकीच आणि ओलावा पुष्कळ लागतो. मी घरचा जाणकार. भिंतीवर तापमापक लावून दिला, सकाळ-संध्याकाळ बघायचो, ठीक असायचं. तरी थंडी सरता सरता अळंबीच्या कडा सुकू लागल्या, पिवळ्या पडल्या.

मी म्हणालो, "दुपारी पाणी मारत नसशील."

"मारते ना मामाजी. दोनदा मारते."

"मंग सुकली काऊन?"

"ते मले कायले विचारता? खोलीले विचारा."

मला राग आला. तो मी बायकोजवळ काढला आणि बायकोनं शेजारी. दोन दिवसांत गल्लीभर झालं की मेश्रामांची सून दुपारी मोबाईल बघत लोळते आणि अळंबी वाळवते.

कोहमाऱ्याच्या चौकात रफीकभाईचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली मोबाईलच जास्त दुरुस्त करतात. त्यांना हे सांगितलं, तर सुनेचंच वाक्य पुढे नेत म्हणाले, "बाबूजी, कमरे से पूछना है तो पूछने वाला बिठाना पड़ेगा." आणि खणातून ती हिरवी पाटी काढली. कोणा कोंबडीवाल्याच्या अंडी उबवण्याच्या पेटीसाठी मागवली होती, तो न्यायला आलाच नव्हता. मला हे शिकायचंच होतं. रिकामपणी माणूस काहीही शिकतो. मोबाईलवर बघून, रफीकभाईंना छळून, मी तारा जोडल्या. आधी डबी पाटीच्या अगदी जवळ लावली, तर पाटीचीच ऊब मोजू लागली. मग तारा लांब केल्या. पाणी मारताना डबी भिजली, तर दिवसभर शंभर टक्के ओलावा दाखवत बसली. मग तिला वरून वाटी टांगली. वीज गेली की पाटीचं घड्याळ मागे, कुठल्या तरी जुन्या सालावर जाई. रफीकभाई कार्ड उघडून म्हणाले, "मुबारक हो, आपकी बहू का मशरूम तो मेरे निकाह से भी पहले उग गया." मग बटनसेलवर चालणारं वेगळं घड्याळ जोडलं. तेव्हापासून वेळ चुकलेली नाही.

एकदा उंदरानं तार कुरतडली. कार्डावर आकड्यांच्या जागी खाली खाली एकच शब्द आला: nan.

"हे काय?"

"नंबर नहीं मिला. तो लिख दिया, नहीं मिला."

"पण आधीचा आकडा तर त्याच्याजवळ होता. अंदाजानं लिहायचं."

"अंदाज लगाने वाला कोड मैंने डाला ही नहीं, बाबूजी. डालूँ क्या?"

मी नको म्हणालो. चहा पुढे आला होता, तो न पिताच उठलो. रफीकभाई मागून हाक मारत राहिले.

आठवडाभराच्या नोंदींची रेघ रफीकभाईंनी छापून दिली. हवेतला ओलावा अशी गोष्ट आहे की कोणी खोलीत पाणी मारलं की रेघ एकदम उडी मारते. रोज दुपारी दोन उड्या होत्या. सुनेला ताप होता त्या दिवशीसुद्धा दोन. ती म्हणाली होती तसंच. पण प्रत्येक उडीनंतर रेघ लगेच खाली घसरत होती, कारण टिन तापून तापमान वर गेलेलं असे, आणि सकाळ-संध्याकाळी मी बघायला जाईतो ते उतरलेलंही असे. चूक बाईची नव्हती. चूक टिनाची होती, आणि दुपारी न बघता संध्याकाळी निकाल देणाऱ्याची.

कागद सुनेला दाखवला. तिनं पाहिला आणि परत दिला.

"आत्याबाईले दाखवा आता," ती म्हणाली. "आणि त्या शेजारच्या काकूले बी."

बायकोला दाखवला. शेजारच्या काकूंनाही जाऊन सांगितलं. तिथं बसवलं, पोहे दिले, हसून विषय मिटला. टिनावर हिरवी जाळी घातली, खाली तणसाचा थर दिला, अळंबी सुधारली. घरातलं प्रकरण इतकं सोपं होतं. आणि मला झोप येईना. कारण अंथरुणावर पडलो की सोमा वलथरे डोळ्यांपुढे येऊन उभा राही आणि म्हणे, "बाबूजी, खोली तं बंद होती."

सोमा पार्बताबाईचा नवरा. आमच्याकडून अंडी नेणाऱ्यांत सगळ्यात लांबचा. त्या वर्षी पाऊस लागला आणि मग त्यानं ताण दिला. ऊन असं पडलं की मे महिना परत आला. बाकीचे पाळणारे आपापल्या पिशव्या घेऊन गेले होते. सोमाची पिशवी राहिली होती. केंद्रातला माझा जोडीदार सुटीवर. आमगावला चुलतभावाच्या मुलीचं साक्षगंध होतं. मी रजा न टाकता, खोलीला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून गेलो. एका दिवसात येणार होतो. पाहुण्यांनी थांबवलं, मी थांबलो. सोमा त्याच दिवशी आला, कुलूप बघितलं आणि ओट्यावर झोपला. मी परत आलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. त्याला पिशवी दिली, चहा पाजला. तो गेल्यावर रजिस्टरात गैरहजेरीच्या दिवसांचे सगळे रकाने भरले. सुंदर आकडे भरले. एवढे चांगले आकडे त्या खोलीनं खरोखर कधी दिले नव्हते.

अळ्या निघाल्या नाहीत. सोमा रिकामी पिशवी घेऊन आला. केंद्राच्या साहेबांनी रजिस्टर काढलं, बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अंडी इथून चांगली गेली. घरी नीट सांभाळली नसतील."

तेव्हा सोमा म्हणाला, "बाबूजी, खोली तं बंद होती."

"बंद होती म्हणून तं थंड होती," मी म्हणालो. "बंद खोली थंडच राहते."

हे सगळ्यांना पटलं. सोमालाही. त्याचं घर मातीचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. दार लावून घेतलं की दुपारी गार. टिनाखाली तो कधी राहिला नव्हता. मी राहिलो होतो.

'घरी नीट सांभाळली नसतील' हे वाक्य त्याच्याबरोबर गावाला गेलं आणि गावात पोचेतो त्याचा अर्थ ठरला. घरी म्हणजे कोण? पार्बतानं विटाळात पिशवीला हात लावला. हंगामाच्या पूजेत ऐनाखाली सगळ्यांदेखत तसं बोललं गेलं. दुसऱ्या वर्षी सोमा अंडी न्यायला आला नाही. तो गोंदियाला राइस मिलमध्ये हमालीला जातो असं कानावर आलं, त्याच्या बायकोबद्दलही आलं. मी "अरेरे" म्हणालो आणि जेवायला गेलो.

जूनमध्ये पावसानं पुन्हा ताण दिला, तेव्हा मी डबी आणि पाटी पिशवीत घालून जुन्या केंद्रावर गेलो. केंद्र केव्हाच बंद झालं आहे. खोलीत मोडक्या खुर्च्या आहेत, पण छत तेच. राखणदार हिरालालनं किल्ली दिली आणि बॅटरीला जोडलेल्या तारांकडे बघून दोन पावलं मागे सरला.

"बम तं नाही ना, बाबूजी?"

"आहे. पण माझ्यासाठी आहे."

तो मोठ्यानं हसला. पिशव्या टांगायचो त्याच उंचीवर डबी टांगली, दार लावलं आणि दोन दिवस घरी येरझाऱ्या घातल्या. कार्ड वाचलं. सकाळचे आकडे मी त्या वेळी रजिस्टरात भरले होते तसेच होते. दुपारी पारा चाळिशीच्या वर आणि ओलावा असा की ओठ फाटावेत. संध्याकाळी पुन्हा सगळं सभ्य.

खरं तर यंत्राची गरज नव्हती. आमगावला पंगतीत बसलो होतो तेव्हा घाम नाकावरून वरणात गळत होता आणि मला ती खोली आठवली होती. आठवली, आणि मी भात मागितला.

मग सोमाच्या गावाला निघालो. पहिल्यांदा कोहमाऱ्याहून बस धरली, देवरीला उतरलो, पुढची गाडी सुटेतो चहा प्यालो, आणि समोर परतीची बस लागली तिच्यात चढलो. दुसऱ्यांदाही देवरीहून परत. घरी म्हटलं, गाडी मिळाली नाही. तिसऱ्या खेपेला सुनेनं गाडीला किक मारली आणि म्हणाली, "बसा मामाजी. मी संग येते. नाहीतर तुम्ही चहा पिऊनच परत याल." तिला कोणी सांगितलं मला माहीत नाही. रस्ताभर मी तिला हळू चालव, हळू चालव म्हणत होतो.

सोमा अंगणात जाळं विणत बसला होता. केस सगळे गेलेले, हात तसेच. पार्बताबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"अंडेवाले बाबूजी ना तुमी?" सोमा म्हणाला. "बसा जी. बुडे झाले की तुमी."

मी बसलो नाही. बसलो असतो तर घरच्यांची खुशाली निघाली असती. उभ्यानंच सांगितलं: आमगाव, कुलूप, भरलेले रकाने, टिन. सोमाची सुई थांबली.

"मंजे तिथंच मेले होते?"

"हो."

"मी म्हटलो होतो, खोली बंद होती म्हणून."

"तुम्ही म्हटले होते. मी तुम्हाला खोटं पाडलं."

तो बायकोकडे वळला. मी पार्बताबाईला हात जोडले. तिनं सूप खाली ठेवलं.

"मले नोका सांगू बाबूजी. मले तं मालूमच होतं ना, मी हात लावली नाई म्हणून. ज्याईले मालूम नाई, त्याईले सांगा."

"कोणाला?"

"पूजेले सारे येतात येनाखाली. तिथंच बोलले होते. तिथंच बोला."

मी म्हणालो, तिथं मी परका माणूस, माझं कोण ऐकेल. ती म्हणाली, "तवा तं आयकलं होतं तुमचं. आले बी नव्हते, तरी आयकलं."

पूजेच्या दिवशी सुनेबरोबर गेलो. पुरुष झाडाखाली, बाया लांब पांदणीच्या कडेला, अजूनही. नारळ फुटल्यावर सोमानं मला उभं केलं. मी जे अंगणात बोललो तेच बोललो. सगळ्यात जुने पाळणारे गणपतबुवा म्हणाले, "बाबूजी, तुमचं यंत्र आत्ताचं सांगून राहिलं. तवाचं त्याले का मालूम?"

"त्याला मालूम नाही," मी म्हणालो. "मला मालूम आहे. मी तिथं नव्हतो. पार्बताबाईनं काही केलं नाही. अंडी माझ्या खोलीत मेली."

मग सोमा उभा राहिला. "मी बी बोललो होतो तिले," तो म्हणाला. "मारलो नाई. पण बोललो."

पांदणीकडून पार्बताबाईचा आवाज आला, मोठा आणि सरळ. "मारले असते तं एक दिवस दुखलं असतं."

गणपतबुवांनी मान खाली घातली. पार्बताबाई पदर सावरत पांदण सोडून आली, झाडाखाली आली, आणि सोमाशेजारी बसली. दोन-तीन जण कुरबुरले, पण तिला ऊठ कोणी म्हणालं नाही. मला वाटलं, झालं. छाती हलकी झाली असं म्हणायला मी मोकळा होतो. सुनेकडे बघून निघायची खूणही केली.

तेवढ्यात बायांतून एकजण दोन पावलं पुढे आली. पार्बताबाईपेक्षा वयानं लहान, मी तिला ओळखत नव्हतो.

"बाबूजी, थांबा. माह्या सालचं सांगा."

"तुमचं कोणतं?"

"पार्बतामावशीच्या मागून तीन-चार सालांनं. आमची अंडी बी नाई फुटली. माह्या सासूनं मले माहेरी धाडली होती. त्या साली तुमी खोलीत होते का?"

मी आठवायचा प्रयत्न केला. आमगावचं साक्षगंध मला लख्ख आठवतं, वरणाची चवसुद्धा. बाकीच्या दुपारी आठवत नाहीत. जेवलो, डोळा लागला, आकडा चढवला, त्या सगळ्या एकसारख्या. ती रजिस्टरं आता कुठे असतील देव जाणे, आणि असली तरी त्यांत काय सापडणार? त्यांत प्रत्येक दुपार छान आहे.

"मालूम नाही, बाई," मी म्हणालो.

"मंग मालूम करा," ती म्हणाली. प्रसाद वाटून झाला, बाकीच्या बाया उठून घराकडे निघाल्या. ती तिथंच, माझ्याकडे बघत, उभी राहिली.